किलिनोच्चीत घरं बांधताना काम कोणाला मिळालं

भारत सरकारने श्रीलंकेत पन्नास हजार घरं उभी करायला पैसे दिले हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांना वाटतं की इथून कॉन्ट्रॅक्टर गेला, घरं बांधली, चाव्या वाटल्या आणि परत आला. तसं नव्हतं. मी २०१३ पासून दोनेक वर्षं तिकडे किलिनोच्ची जिल्ह्यात फील्ड इंजिनियर होतो, या योजनेचं काम बघणाऱ्या एका संस्थेत, आणि तेव्हा जे डोळ्यासमोर झालं ते लिहून ठेवतोय. घरांबद्दल कमी, कामधंद्याबद्दल जास्त. कारण युद्ध झालेल्या भागात पैसा ओतला की रोजगार आपोआप तयार होतो असं जे सरसकट बोललं जातं ना, ते अर्धंच खरं आहे.

थोडी पार्श्वभूमी. मे २००९ मध्ये श्रीलंकेचं सैन्य आणि तमिळ वाघ (एलटीटीई) यांच्यातलं युद्ध संपलं तेव्हा वन्नी भागातली, म्हणजे उत्तरेतल्या किलिनोच्चीच्या आसपासच्या पट्ट्यातली, जवळपास तीन लाख माणसं छावण्यांमध्ये होती, सगळ्यात मोठी छावणी वावुनियाजवळची मेनिक फार्म, ती बंद व्हायला सप्टेंबर २०१२ उजाडलं. माणसं गावी परतली तेव्हा घराचं छप्पर नाही, दारं-खिडक्या नाहीत, कुठे नुसतं जोतं शिल्लक, विहिरीत काय पडलंय देवाला माहीत. आपल्या सरकारने आधी सिमेंटच्या चार लाख गोण्या, पत्रे, पाचशे ट्रॅक्टर, दहा हजार सायकली, शेतीचं सामान असं पाठवलं. मग घरं. पहिली एक हजार घरं पायलट म्हणून झाली आणि २ ऑक्टोबर २०१२ पासून दुसरा मोठा टप्पा सुरू झाला, त्यात पद्धत बदलली. प्रत्येक कुटुंबाच्या बँक खात्यात टप्प्याटप्प्याने श्रीलंकेचे साडेपाच लाख रुपये (तेव्हाच्या भावाने आपले अडीच लाखाच्या आसपास) आणि घर ज्याचं त्याने बांधायचं. नुसती डागडुजी असेल तर अडीच लाख. आमच्यासारख्यांनी फक्त आखणी करून द्यायची, काम बरोबर चाललंय का बघायचं आणि टप्पा पूर्ण झाला की पुढच्या हप्त्याची शिफारस करायची.

मला ही पद्धत ऐकूनच बरं वाटलं होतं, त्याचं कारण किल्लारी. मी उमरगा भागातला. १९९३ च्या भूकंपानंतर आमच्याकडे बावन्न गावं नवीन जागी वसवली, सरळ रस्ते, एकसारखी घरं, आणि आमच्या लोकांनी काय केलं तर त्या घरांपुढे पत्र्याची शेडं मारली, गुरं कुठे बांधायची हेच नकाशात नव्हतं. उलट ज्या गावांमध्ये जागेवरच दुरुस्ती झाली, हप्ते थेट लोकांच्या हातात गेले, तिथल्या गवंड्यांना पुढची कितीतरी वर्षं पुरेल इतकं काम शिकायला मिळालं. गावागावात संवाद सहायक म्हणून बाया नेमल्या होत्या, त्या हिशोब समजावून सांगायच्या. हे मी लहानपणी बघितलेलं, त्यामुळे किलिनोच्चीत पहिल्या मीटिंगला बसलो तेव्हा विषय ओळखीचाच वाटला. भाषा सोडून. तमिळमध्ये मला "वीडु" म्हणजे घर आणि "तण्णी" म्हणजे पाणी एवढंच येत होतं. बाकी सगळं माझा टीओ बघायचा, टीओ म्हणजे टेक्निकल ऑफिसर, जाफन्याचा पोरगा, माझ्यापेक्षा लहान पण युद्ध पाहिलेला, त्यामुळे वयाने कोण मोठं ते सांगता येत नाही.

आता प्रोसेस. आधी लाभार्थ्यांची यादी. घरात किती माणसं, लहान मुलं किती, म्हातारी, अपंग, घरची कर्ती बाई एकटीच आहे का, याला मार्क. उत्तर आणि पूर्व प्रांत मिळून जवळपास ८९ हजार विधवा असल्याचं तिथल्या सरकारनेच २०१० मध्ये सांगितलेलं, म्हणजे अशा बायांची घरं तर प्रत्येक गल्लीत. तरी यादी लागली की भांडणं ठरलेलीच. ज्यांचं सगळं कुटुंब गेलं आणि एकटं माणूस उरलं त्यांना माणसं कमी म्हणून मार्क कमी पडायचे, आणि हे समजावून सांगताना टीओची मान खाली जायची, माझीही. यादी गावातल्या कमिटीपुढे वाचली जायची, तिथला ग्रामसेवक (हो, तमिळमध्येही त्याला ग्रामसेवकरच म्हणतात, आणि कामंही तीच, शिक्के मारायची) बसलेला असायचा.

यादीत नाव आलं की जमिनीचा कागद. इथे घोडं अडायचं. कागद जळालेले, परमिट आजोबाच्या नावावर आणि आजोबा कधीच गेलेले, किंवा जमीन आर्मीच्या कॅम्पच्या तारेच्या आत. मग सुरुंग. डीमायनिंगवाल्यांनी तपासून मोकळी केलेली जागा असेल तरच चुना टाकायचा, अजिबात तडजोड नाही. आणि इथे मला पहिल्यांदा कळलं की त्या भागातला नियमित पगार देणारा मोठा मालक कोण, तर हे सुरुंग काढणारे. हॅलो ट्रस्टसारख्या संस्थांमध्ये स्थानिक माणसं शेकड्यांनी होती, त्यात बाया पुष्कळ, हेल्मेट-जॅकेट घालून रणरणत्या उन्हात गुडघ्यावर बसून माती खरवडणाऱ्या. महिन्याच्या महिन्याला पगार, खात्यात. त्या पगारावर दुकानदार उधार द्यायला तयार असायचा. शेतकऱ्याला नाही द्यायचा.

बाकी मालक कुठे गेले? ते तर कधीच मेले होते. किलिनोच्चीच्या वर परंतनला केमिकल कारखाना होता, कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन बनवायचा, आम्ही त्या रस्त्याने जायचो तेव्हा नुसता सांगाडा. एलिफंट पासची मिठागरं बंद. कांकेसंतुराईचा सिमेंटचा कारखाना १९९० पासून बंद आणि मिलिटरीच्या भागात. हे कारखाने चालू होते तेव्हा उत्तरेतली पोरं तिथे कायम नोकरीला लागायची, हे म्हातारी माणसं मला इतक्यांदा सांगायची की पाठ झालं होतं. तर मुद्दा असा, आम्ही हजारो घरांना सिमेंट लावणार आणि उत्तरेत सिमेंट बनतच नाही. ते येणार त्रिंकोमालीहून नाहीतर पुत्तलमहून. कौलं येणार पश्चिम किनाऱ्यावरच्या दंकोटुव, वेन्नप्पुव पट्ट्यातून. सळया, पाइप, रंग, कोलंबोहून. म्हणजे खात्यात आलेल्या साडेपाच लाखातला बराच मोठा वाटा ए-नाइन हायवेवरच्या ट्रकमध्ये बसून दक्षिणेलाच जाणार. गावात राहणार काय? मजुरी, वाळू, ब्लॉक, चौकटी. एवढंच. मी डायरीच्या मागच्या पानावर एका घराचं एस्टिमेट घेऊन गावात राहणाऱ्या गोष्टींवर गोल करत बसलो होतो एका रात्री, लाइट गेलेली, आणि तेव्हापासून मला घर दिसलं की तेच दिसायला लागलं.

गवंडी हा पहिला प्रश्न. एकाच वेळी सगळ्या गावांत जोती निघाली आणि गवंडी मूठभर. बरेच मेलेले, बरेच परदेशी, काही पुनर्वसन केंद्रातून नुकते सुटलेले. मजुरीचे भाव बघता बघता चढले, आणि एकेक गवंडी चार-चार घरांचा ॲडव्हान्स घेऊन कुठेच धड काम करेना. लोक आमच्यावर चिडायचे, तुमचा हप्ता वेळेवर येतो पण मेसनच येत नाही (तिकडे गवंड्याला मेसनच म्हणतात). मग आम्ही बिगारी म्हणून काम करणाऱ्या पोरांना साइटवरच शिकवायला सुरुवात केली, ओळंबा कसा धरायचा, कोपरा काटकोनात आहे का ते तीन-चार-पाचने कसं तपासायचं, सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. क्लासरूम ट्रेनिंग पण झालं, सर्टिफिकेट-बिर्टिफिकेट, चहा-बिस्कीट, पण खरं शिकले ते दुसऱ्याच्या भिंतीवर. भिंत वाकडी आली की मालकीणच पाडायला लावायची, तिचे पैसे होते ना. सरकारी कॉन्ट्रॅक्टमध्ये वाकडी भिंत प्लास्टरमध्ये लपते, इथे लपायची नाही.

त्यातला एक पोरगा माझ्या चांगला लक्षात आहे. आधीच्या जन्मात (हे त्याचेच शब्द) तो "इयक्कम"मध्ये होता, म्हणजे संघटनेत, तमिळ वाघांच्या. असे साधारण बारा हजार जण सरकारच्या पुनर्वसनातून बाहेर आले होते. त्यांना कोणी कामावर घ्यायला घाबरायचं, कारण याला ठेवलं तर आर्मीवाले चौकशीला येतात आणि चौकशी म्हटलं की गिऱ्हाईक फिरकत नाही. सरकारच्या सिव्हिल सिक्युरिटी डिपार्टमेंटने त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना शेतमजूर म्हणून पगारावर घेतलं होतं, पगार बरा, पण गावात त्यावरून कुजबुज. हा तिकडे गेला नाही. एका हाताची दोन बोटं नव्हती, तरी थापी दुसऱ्या हाताने अशी चालवायचा की बाकीचे बघत राहायचे. त्याला विधवांच्या घरांची कामं मिळायला लागली कारण तो ॲडव्हान्स मागायचा नाही. एवढ्या एका गोष्टीवर त्याचा धंदा उभा राहिला, बाकी काही मार्केटिंग नाही.

आता ब्लॉक, माझा आवडता विषय. भिंती सिमेंट ब्लॉकच्या. ते वावुनियाच्या यार्डातून ट्रकभर आणता येतात किंवा गावात पाडता येतात. गावात पाडले तर वाहतूक वाचते आणि मजुरी गावात राहते. आमच्या एका गावात पाच-सहा बायांनी मिळून ब्लॉक पाडायचं ठरवलं, बहुतेक सगळ्या विधवा किंवा नवरा बेपत्ता असलेल्या. त्यांची पुढारी एक अक्का, चाळिशीची, बोलायला तिखट. त्यांनी लोखंडी साचा भाड्याने आणला. माल कालवायचा तो इतका कोरडा हवा की मुठीत दाबला तर लाडू वळला पाहिजे पण हाताला पाणी सुटता कामा नये. साच्यात भरायचा, ठोकायचा, वरून लाकडी फळीने सपाट करायचा आणि एका झटक्यात साचा वर उचलायचा, हात थरथरला की कोपरा गेला. पहिल्या आठवड्यात गेलेले कोपरे मोजले तर डोक्याला हात लावावा लागला असता. मग क्युरिंग, आणि खरी मेहनत तीच. किलिनोच्चीच्या उन्हात सकाळी पाडलेला ब्लॉक दुपारी पांढरा पडतो, त्याला सात दिवस तरी पाणी मारत राहायचं, पाणी विहिरीतून शेंदून, गोणपाट ओलं करून झाकायचं. व्यापाऱ्यांचे ब्लॉक असे कोण जपणार? ते दोन दिवसात ट्रकवर. आम्ही साधी टेस्ट दाखवली होती, ब्लॉक छातीच्या उंचीवरून मातीत सोडायचा. अक्का ती टेस्ट गिऱ्हाइकासमोर करायला लागली, एका हाताने व्यापाऱ्याचा ब्लॉक सोडायची, दुसऱ्याने स्वतःचा. व्यापाऱ्याचा दरवेळी फुटायचाच असं नाही पण लोक गर्दी करायचे.

मधेच वाळू बंद. वाळू काढायला, वाहायला परमिट लागतं, जिऑलॉजिकल सर्व्हे अँड माइन्स ब्युरोचं, आणि नद्यांचं नुकसान होतंय म्हणून ते कडक झाले, जे योग्यच होतं, पण परमिट छोट्या माणसाला मिळेना आणि टिपरवाल्याला मिळे. ज्या वाळूवर गावाचा हक्क त्याच वाळूचा भाव गावाला परवडेना. ताडाचं तेच. छपराच्या वाशांना तिकडे ताडाचं खोड वापरतात, वाळवी लागत नाही, टिकतं. पण झाड तोडायला परवानगी. एका बाईने मला विचारलं, माझ्या आवारातलं झाड, आजोबांनी लावलेलं, गोळ्या लागूनही जगलेलं, आणि तोडायला मी कोणाकडे अर्ज करू. अर्ज केला तिने. आम्ही परवानग्या गावच्या गाव एकत्र करून एकाच फाइलमध्ये नेल्या तेव्हा कुठे काम हललं. ऑफिसातल्या साहेबांना एक मोठी फाइल आवडते, शंभर छोट्या आवडत नाहीत, हे लातूर असो की लंका.

एक वेगळीच गोष्ट सांगतो. मी इंडियन म्हणून लोक आदराने वागायचे, "इंडियन वीडु" म्हणजे आमच्या योजनेचं घर असं नावच पडलं होतं. पण एका म्हाताऱ्या अय्यांनी चहा पिताना शांतपणे विचारलं, तू ८७ साली किती वर्षांचा होतास? आपली शांतिसेना तेव्हा तिकडे होती. आमच्या गावातले एक काका महार रेजिमेंटमधून जाफन्याला जाऊन आलेले, ते कधी त्याबद्दल बोलायचे नाहीत. अय्याही पुढे काही बोलले नाहीत, आणखी चहा घे म्हणाले. घर मिळाल्याचा आनंद आणि ते जुनं खातं, दोन्ही त्यांच्याकडे एकाच वेळी होतं आणि मला वाटतं ते बरोबरच आहे.

कर्जाबद्दल लिहिलं नाही तर हे सगळं खोटं ठरेल. साडेपाच लाखात घर पूर्ण व्हायचं असं गणित होतं, पण भाव चढले, आणि लोकांनाही वाटायचं की आयुष्यात एकदाच बांधतोय तर ओटा मोठा हवा, समोर पडवी हवी. त्यात २०१४ ला दुष्काळ, इरणमडूचा तलाव खाली गेला, भात बुडालं, घरात घालायला पैसा उरला नाही. टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही आणि हप्त्याशिवाय टप्पा पूर्ण होत नाही. मग सोनं गहाण. सोनं संपलं की मायक्रोफायनान्स, मोटारसायकलवर येणारी पोरं, आठवड्याचा हप्ता, बायांचा गट करून एकमेकींना जामीन. पुढे याने इतकं टोक गाठलं की २०१८ मध्ये तिथल्या सरकारला दुष्काळी जिल्ह्यांतल्या बायांची एक लाखापर्यंतची अशी कर्जं माफ करावी लागली. आम्ही नंतर नंतर आखणीच्या वेळीच सांगायला लागलो, आधी दोन खोल्या आणि छप्पर, पडवी पुढच्या सुगीला. ऐकायचे काहीजण.

बाकी रोजगार? किलिनोच्चीत कपड्यांचे कारखाने आले, मोठे, एसी, बस घरापर्यंत. पण तिथे लागतात विशीतल्या पोरी, चाळिशीतली अक्का नाही, हाताला छर्रे लागलेला माणूस नाही. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) एका प्रकल्पाने वावुनिया भागात शेतकऱ्यांची सहकारी संस्था करून पपई एक्स्पोर्टला लावली, ते मला जास्त पटलं कारण तिथे खरेदीदार आधी ठरवला होता आणि मग रोपं लावली. आपल्याकडे (आणि तिकडेही) बहुतेक ठिकाणी उलटं असतं, आधी शिलाई मशीन वाटायची, मग फोटो, मग ब्लाउज कोण घेणार याचा विचार. एका गावात प्रत्येक घरात शिलाई मशीन बघितलंय मी, झाकण घातलेलं, वर टीव्ही.

घरं संपत आली तशी कामं झपाट्याने आटली, २०१५ च्या शेवटी तर गवंड्यांचे फोन मला यायला लागले, सर, पुढे काय आहे. पुढे काही नव्हतं. आणि याच सुमारास श्रीलंका सरकारने पासष्ट हजार स्टीलच्या प्रीफॅब घरांची योजना काढली, भाग तयार करून आणायचे आणि जोडायचे. किंमत ब्लॉकच्या घराच्या दुपटीच्या आसपास. त्यावर तिकडच्या इंजिनियरांनी, प्राध्यापकांनी, पुढाऱ्यांनी सडकून टीका केली, उष्णतेचा मुद्दा होता, दुरुस्तीचा होता, पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो हा, की यात आमच्या गवंड्याला, सुताराला, ब्लॉकवालीला काय मिळणार. म्हणजे डायरीतले माझे गोल मी एकटाच काढत नव्हतो. बरीच वर्षं घासाघीस होऊन ती योजना बारगळली.

मी तोपर्यंत परत आलो होतो, आता पुण्यात असतो. टीओशी व्हॉट्सॲपवर बोलणं असतं, त्याच्याकडून कळतं. दोन बोटं नसलेला तो गवंडी दोह्याला गेला, फुटबॉल वर्ल्डकपच्या आधी तिकडे बांधकाम जोरात होतं, घरी पैसे पाठवायचा, मग परत आला. ब्लॉकवाल्या गटातल्या दोघी सोडून गेल्या, एक मुलीकडे, एक कारखान्याच्या कँटीनला. २०२२ मध्ये देशाचंच दिवाळं निघालं तेव्हा सिमेंटची गोणी तिपटीच्या घरात गेली आणि यार्ड काही महिने बंदच होतं. अक्काने साचा मात्र परत केला नाही, भाड्याचा होता तो तिने कधीतरी विकतच घेतला होता. आता ब्लॉक थोडे आणि कुंपणाचे काँक्रीटचे खांब जास्त पाडते, हत्ती शेतात घुसतात म्हणून खांबांना मागणी आहे म्हणे. दोन माणसं रोजंदारीवर ठेवलीत. हत्ती ते खांब सुद्धा पाडतात, टीओ म्हणाला, त्यामुळे रिपीट ऑर्डर असते.